गिटार सुटता सुटेना

माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं, तेव्हा मी बाथरूममध्ये होतो.

(हौसेने गेलो नव्हतो. मला ठेवण्यात आलं होतं.)

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्या-किचनचं घर होतं. घरात माणसं चार. अण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले; कुठलीही नवी वस्तू घरात आली की नाव विचारायच्या आधी तिला मोजायचा टेप लावणारे. आई. माझी धाकटी बहीण वंदना. आणि मी, सुधीर. दिवसा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून आणि सुट्टीच्या दिवशी इक्बालभाईंच्या ऑर्केस्ट्रात गिटारवादक.

इक्बालभाईंचं पनवेल गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान. ॲकॉर्डियन झकास वाजवायचे. त्यांचा बेस गिटार वाजवणारा माणूस नोकरीला आखातात निघून गेला आणि त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"सुधीरभाई, आजपासून तुम्ही बेस वाजवायचा."

"पण मला बेस येत नाही."

"साधी गिटार तरी कुठे येते? बेसचा एक फायदा आहे मियाँ. चुकलात तरी फक्त खुदाला कळतं!"

अशा रीतीने माझी बढती झाली. फक्त वाद्य माझं मला आणायचं होतं. ते मिळालं जासईला, दामादादांकडे. दामादादा बरीच वर्षं जहाजावर खलाशी होते. त्यांच्या ओटीवर, सुकत टाकलेल्या जाळ्याच्या शेजारी, लाल रंगाची एक बेस गिटार खुंटीला लटकत होती.

"जपानशी आनलेली हाय," दामादादा म्हणाले. "आमच्या घरात कोनाला वाजवता येत नाय. तुमी न्या."

स्कूटरसाठी साठवलेले पैसे मी तिथल्या तिथे दिले आणि एस.टी.त गिटार मांडीवर घेऊन, तिच्या अर्ध्या तिकिटावरून कंडक्टरशी भांडत घरी आलो. अण्णांनी टेप लावला. मग चष्मा लावला. मग तारा मोजल्या.

"चारच?"

"चारच असतात अण्णा. बेस आहे ती."

"गिटारला सहा असतात! मी पाहिल्यात. दोन काढून घेतल्या त्याने. आणि तू मारे हसत हसत पैसे मोजून आलास!"

पुढच्या रविवारी अण्णा मला घेऊन जासईला गेले. उरलेल्या दोन तारा परत मागायला! मी जाळ्याच्या मागे तोंड लपवून उभा राहिलो. दामादादांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "अण्णा, हिला चारच आसतात. गाईला पन चारच आसतात. ती दूद देते का नाय?"

अण्णा निरुत्तर झाले. नोकरीत मोठमोठ्या ठेकेदारांना हे जमलं नव्हतं. परत येताना ते एकच वाक्य बोलले, "माणूस अनुभवी दिसतो."

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. ज्याला वाजवता येतं, तो वाजवत बसतो. ज्याला येत नाही, तो वाद्य सुधारत बसतो! मी सुधारायला बसलो. आधी लाल रंग खरवडून काळा दिला. मग आवाजाची बटणं काढून जुन्या रेडिओची बटणं बसवली. मग कोणीतरी सांगितलं, तारा उकळल्या की आवाज नव्यासारखा होतो. उकळल्या. आईने पातेल्यावरचं झाकण काढून विचारलं, "या शेवया कुठून आणल्यास रे? शिजतच नाहीयेत!" (त्या पातेल्यातला चहा आम्ही पुढे आठ दिवस संशयाने प्यायलो.) त्यानंतर एका रेडिओ मेकॅनिककडून आत बॅटरीवर चालणारं सर्किट टाकून घेतलं. प्रत्येक सुधारणेनंतर मी विजयी मुद्रेने वाजवायचो आणि इक्बालभाई म्हणायचे, "माशाल्ला! अगदी पहिल्यासारखीच वाजते."

तेवढ्यात उरणच्या एका कार्यक्रमात मला मुंबईचा एक बेसवाला भेटला. त्याच्या गिटारला पडदेच नव्हते. पडदे म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. बोट कुठे ठेवायचं ते त्यांच्यावरून कळतं. त्याच्या मानेवर नुसतं गुळगुळीत लाकूड. आवाज असा, की लोण्यावरून सुरी फिरावी.

मी त्याला चहा पाजून कृती विचारून घेतली. पडदे उपटायचे, खाचा लांबीने, म्हणजे सुताराच्या पुट्टीने, बुजवायच्या, घासायचं, आणि तारांनी लाकूड झिजू नये म्हणून वरून त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर द्यायचे. काचेसारखं कडक होतं म्हणे. अण्णांच्या पकडीने मी पडदे उपटले, लांबी भरली, घासली. राहिला फक्त गोंद. पुढच्या रविवारी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, म्हणजे गोंद लावायला हातात हाच रविवार.

आणि त्याच रविवारी, अकरा वाजता, डोंबिवलीहून गद्रे मंडळी येणार होती.

हे स्थळ वंदनाला आलेलं तिसरं. आधीची दोन मोडली होती. मिलिंद गद्रे केमिस्ट होता, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. दोघांची दोनदा भेट झाली होती. तो आवडला असं वंदना काही बोलली नव्हती; पण हल्ली पेपरात 'डोंबिवली' हा शब्द दिसला की ती ती बातमी शेवटपर्यंत वाचायची. (गटार तुंबल्याची असली तरी!) आज याद्या व्हायच्या होत्या. म्हणजे जवळजवळ पक्कंच. फक्त गद्रेकाका शब्दाचे फार पक्के आणि काकू साधेपणाच्या, असं मध्यस्थांनी बजावलं होतं. आईने लगेच कळवून टाकलं होतं, "आमची वंदू पावडरसुद्धा लावत नाही हो!"

मी हिशेब केला. नऊला गोंद लावायचा, साडेनऊला वाळेल, दहाला आंघोळ. हिशेबात काही चूक नव्हती. फक्त गिटार मांडीवर घेऊन, मान डाव्या तळव्यात घट्ट धरून, उजव्या हाताने मी एकामागून एक आठ ट्यूब रिकाम्या करत होतो, आणि गोंद वरच्या वरच राहील अशी माझी का कोण जाणे समजूत होती. तो कडेने ओघळून खाली जात होता. खाली मी होतो.

"सुधीर, नारळ खोवून दे रे!" आईने हाक मारली.

"आलो," म्हणून मी उठलो. गिटारही उठली.

मी हात झटकला. गिटार झटकली गेली. ओढून पाहिलं तर तळव्याचं कातडं तंबूसारखं ताणलं आणि मी बोंब मारली. घर धावत आलं.

"सोड ती गिटार!" अण्णा ओरडले.

"मी सोडलीय अण्णा! तीच सोडत नाहीये!"

मग उपचार सुरू झाले. गरम पाणी. खोबरेल तेल. रॉकेल. मीठ. आईने तर हळदही लावून पाहिली. (हळद का, ते तिलाही सांगता आलं नाही, पण लग्नघर होतं.) हात लाल, पिवळा आणि चकचकीत झाला, सुटला मात्र नाही. वंदना दारात उभी राहून घड्याळाकडे पाहत होती. ती काही बोलत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

शेवटी अण्णांमधला ओव्हरसियर जागा झाला. त्यांनी गिटार उलटी केली. "इथे चार स्क्रू आहेत. मान धडापासून वेगळी होते." आणि त्यांनी खरंच ती वेगळी केली! धड दिवाणाखाली गेलं. आता माझ्या हातात नुसती मान राहिली. त्यांनी टेप लावला. "दोन फूट आठ इंच. पंचाने गुंडाळू. हात फ्रॅक्चर झाला म्हणून सांगू."

"दोन फूट आठ इंच हात?" वंदना पहिल्यांदाच बोलली.

"आणि मुलीच्या याद्यांना भावाचा हात मोडलेला?" आई म्हणाली. "अपशकुन! मुळीच नाही."

तेवढ्यात बेल वाजली. सव्वादहा! मंडळींना आधीची एस.टी. मिळाली होती.

त्यानंतरच्या दहा सेकंदांत काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की अण्णांनी मला मागून ढकललं, मान दाराच्या चौकटीत आडवी अडकली, आईने ती उभी केली आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी घालायचा हुकूम झाला. संडास, बाथरूम एकत्रच होतं. आणि घरात ते एकच होतं. हा मुद्दा त्या घाईत कोणाच्याही लक्षात आला नाही.

मी पालथ्या बादलीवर बसलो. बाहेरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. चपला काढल्याचा आवाज. पाण्याचे ग्लास. मग गद्रेकाकांचा जाड, खर्जातला आवाज, "मुलीचा भाऊ दिसत नाही?"

"ऑफिसात बोलावलं त्याला. अचानक," अण्णा म्हणाले.

"रविवारी?"

"मार्च एंड."

"सप्टेंबरात?"

मी डोळे मिटले. अण्णा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि सरावाशिवाय काय होतं ते ऐकू येत होतं. "त्यांचा मार्च जरा उशिरा असतो," ते म्हणाले. कपबशी तेवढी वाजली.

घाबरून मी जरा सरकलो आणि मानेचं टोक तांब्याला लागलं. तांब्या फरशीवर आपटला, गडगडत बादलीपर्यंत गेला आणि जागच्या जागी गोल फिरत राहिला. पायाने थांबवायला गेलो, तर मान नळावर आपटली. ठण्ण!

"आत कोणी आहे का?" काकूंचा आवाज.

"छे! नळ आहे," आई म्हणाली. "पाणी यायचं झालं की असाच वाजतो. इकडे पाण्याचा फार त्रास आहे हो."

घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला जो हात मोकळा होता त्याने मी मान धरून ठेवली होती. बाहेर याद्यांचा विषय निघाला. कोणाकडून किती माणसं, कार्यालय कुठलं... सुरळीत चाललं होतं. आणखी अर्धा तास, बस्स! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगितलं, वंदूचं होऊ दे, बेस सोडतो.

तेवढ्यात गद्रेकाका म्हणाले, "जरा बाथरूमला जाऊन येतो."

मी बादलीवरून उठलो.

"पाणी नाहीये," अण्णा म्हणाले.

"आत्ता तुम्ही म्हणालात, नळ वाजतोय."

"वाजतो. येत नाही."

"अहो, मला मधुमेह आहे. डोंबिवलीहून आलोय. पाणी नसलं तरी चालेल!"

"शेजारी घेऊन जाते ना," आई म्हणाली. "त्यांचं आमच्यापेक्षा छान आहे."

"म्हणजे? तुमच्या घरात बाथरूम वापरता येत नाही?" काकांचा आवाज आता चढला होता. "प्रकार काय आहे?"

मी कडीवर हात ठेवला. उघडावी तर अण्णा खोटे ठरतात, न उघडावी तर... आणि तेवढ्यात वंदनाचा आवाज आला. अगदी सरळ, न थरथरणारा.

"काका, आत माझा भाऊ आहे. त्याच्या हाताला गिटार चिकटलीय. म्हणून लपवलाय. ए सुध्या, बाहेर ये."

मी बाहेर आलो. उघडाबंब, हळदीने पिवळा, रॉकेलचा वास मारत, आणि डाव्या हातात पावणेतीन फुटी लाकूड. नमस्कार करायला गेलो तर ते काकूंच्या नाकावरून गेलं.

गद्रेकाकांनी मला आपादमस्तक पाहिलं. ते माझ्या शेजारून आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

आयुष्यातली सगळ्यात लांब तीन मिनिटं कुठली, असं मला कोणी विचारलं तर मी ही सांगेन. बाहेर दोन कुटुंबं उभी. पोहे गार होत होते. आई पदराचं टोक पिळत होती, अण्णा उगाचच भिंतीची उंची डोळ्यांनी मोजत होते. वंदनाच्या लग्नाचा निकाल आत लागत होता आणि बाहेर फक्त पाण्याचा आवाज येत होता. (भरपूर येत होता! तेही खोटं उघडं पडलं.)

काका बाहेर आले. रुमालाला हात पुसत म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी तीन खोटी बोललात तुम्ही, अण्णासाहेब. उद्या मोठ्या गोष्टीत काय कराल?"

अण्णांची मान खाली गेली. माझे अण्णा, ज्यांनी ठेकेदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही! "चूक माझी आहे काका," मी म्हणालो, "त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच..."

इतका वेळ मिलिंद माझा हात निरखत होता. त्याने अंगठ्याच्या कडेला नख लावून पाहिलं. "हे पाण्यातेलाने जाणार नाही. ॲसिटोन लागेल," तो म्हणाला. "लॅबमध्ये आहे, पण आज रविवार. घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे का? त्यात असतं."

"नाही हो!" आई उसळून म्हणाली. "आमच्याकडे असलं काही नसतं. वंदू तर पावडरसुद्धा..."

मी वंदनाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मला कळलं. भावाला कळतंच.

"राहू दे," मी घाईघाईने म्हणालो. "मला काही त्रास नाही. सोमवारी बघू. मी असाच ऑफिसला जाईन."

"गप बस," वंदना म्हणाली. ती आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. झाकण उघडलं. आत नेलपॉलिशच्या सात बाटल्या. लाल, गुलाबी, मोरपिशी, एक तर चक्क चंदेरी! आणि कोपऱ्यात रिमूव्हर.

आईने खुर्चीचा आधार घेतला. "हे कधी लावतेस तू?"

"मैत्रिणीकडे गेले की लावते. घरी यायच्या आधी पुसते," वंदना म्हणाली. मग काकूंकडे वळून म्हणाली, "हे चौथं खोटं. माझं. आता तुम्ही काय ते ठरवा. आधी याचा हात सोडवू दे."

काकू उठल्या. त्यांनी वंदनाच्या हातातली बाटली काढून घेतली. झाकण उघडून वास घेतला. मला वाटलं, आता ही बाटली गॅलरीतून खाली जाणार.

"कापूस आणा," काकू म्हणाल्या. "अशी भसाभसा ओतायची नसते. कापूस भिजवून कडेवर धरून ठेवायचा, आणि मऊ पडलं की हळूच लोटायचं." आणि त्या माझ्या बोटापाशी अशा सफाईने कामाला लागल्या, की एकेक बोट पाकळीसारखं सुटत गेलं.

गद्रेकाका बघत राहिले. "तुला गं कसं येतं हे?"

"तुम्ही तिकडे बघा," काकू मान वर न करता म्हणाल्या.

काका तिकडे बघेनात. ते काकूंच्या पायांकडे बघत होते. काकूंनी पावलं झटकन साडीत ओढून घेतली, पण उशीर झाला होता. अंगठ्यावर, अगदी फिक्या रंगात, लावलेलं होतं!

पहिल्यांदा मिलिंद हसला. मग वंदना. मग काका, आधी नाकातून, मग पोट धरून. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"मोजायचं नाही," काकू म्हणाल्या.

"अण्णासाहेब," डोळे पुसत काका म्हणाले, "घ्या कागद. याद्या करून टाकू. तुमच्या घरात जे लपवलंय ते आत्ता तरी कळलं. आमच्याकडचं मलाच माहीत नव्हतं!"

माझा तळवा सुटला तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि माझ्या खांद्यावर एक थाप मारली. टेप नाही लावला.

लग्न झालं. वंदना डोंबिवलीत सुखात आहे. सासू-सुना बाटल्या आलटून पालटून वापरतात.

गिटारीचं मात्र बरं झालं नाही. मान धडाला परत जोडली, पण पडदे नसल्यामुळे बोट कुठे ठेवायचं ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. पुढच्या रविवारच्या कार्यक्रमात दोन गाणी झाल्यावर इक्बालभाईंनी ॲकॉर्डियन थांबवून हळूच विचारलं, "सुधीरभाई, सूर शोधताय की घराची चावी?" मग मी ती विकायला काढली. आपटा गावचे एक ड्रॉइंग मास्तर बघायला आले. त्यांनी मान उलटी केली. रिमूव्हरने तिथलं पॉलिश पार उडालं होतं, आणि मागच्या बाजूला माझ्या तळव्याचा आणि चार बोटांचा स्वच्छ आकार उमटला होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हात नीट बसावा म्हणून खास करून घेतलंय," मी म्हणालो. त्यांनी हात ठेवून पाहिला, तो चपखल बसला, आणि त्यांनी तिथल्या तिथे गिटार घेतली.

संगीताच्या क्षेत्रात माझ्या हाताचा ठसा उमटला, तो एवढाच!